पोचपावती मिळाली का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी: एक्सएमएल आणि वेब सर्व्हिस, म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायची भाषा आणि त्यासाठीची खिडकी

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे माझी उत्तरं किती मानायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. करून १९९९ मध्ये भोसरीला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चलनं टाइप करायला लागले. दोन वर्षांनी एका मोठ्या ग्राहकानं कळवलं, की यापुढे चलन फॅक्सनं नको, एक्सएमएलमध्ये पाठवा. ते काय असतं हे कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी विचार केला, टाइपच करायचंय ना, मग हिलाच द्या. तेव्हापासून एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशी बोलतं करणं हेच माझं पोटापाण्याचं काम झालं. आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम. होऊन तीन वर्षं झाली. सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात टॅली सांभाळते. मालकांनी सौद्यांसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलंय. सौदे त्यात आणि हिशेब टॅलीत, म्हणजे सगळं दोनदा मीच टाइप करते. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, एक्सएमएलनं दोन्ही जोडता येतील, पण तुमच्याकडे ते कुणाला तरी कळलं पाहिजे. माझा चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, एक्सएमएल केव्हाच मेलं, जेसॉन शीक. कुणाचं ऐकू?
एक वाचक, मिरज

उत्तर : चुलतभावाला विचारा, सकाळी टपरीवर चहाचे पैसे कसे दिलेस? यूपीआयनं दिले असतील, तर त्याची बँक, यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि टपरीवाल्याची बँक यांच्यात जे निरोप गेले ते एक्सएमएलमध्येच होते. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस, म्हणजे मोठ्या रकमा बँकेतून बँकेत पाठवायची व्यवस्था, ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ या प्रमाणातले निरोप वापरते, तेही एक्सएमएल. मोठ्या कंपन्या आपला ताळेबंद सरकारला एक्सबीआरएलमध्ये देतात, ते याच घराण्यातलं. आणि तो रोज जी एक्सेलची फाइल उघडतो, तिचं नाव बदलून शेवटी झिप लावा आणि उघडून बघा: आत एक्सएमएलच्या फायलींचा गठ्ठा निघेल. २००७ च्या ऑफिसपासून हे असंच आहे. शिकायची सुरुवात मी सगळ्यांना इथूनच करायला सांगते. फुकट आहे, आणि माल घरातच असतो.

पण त्याचं अगदीच चुकलेलं नाही. जेसॉन ही याच कामाची, जरा सुटसुटीत लिहायची पद्धत. ई-वे बिल आणि जीएसटीचं ई-इन्व्हॉइस दोन्ही जेसॉनवर चालतात. आज कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची असेल तर मीही जेसॉनच घेईन. तुमची पाटी कोरी नाही. पलीकडे टॅली बसली आहे आणि तिला वर्षानुवर्षं एक्सएमएलची सवय आहे. एक्सएमएल नीट कळलं की जेसॉन एका संध्याकाळीत येतं. जेसॉनकडून इकडे आलेल्यांना मात्र नेमस्पेस (सारख्या नावांची गल्लत टाळणारं जणू आडनाव) आणि स्कीमा (कुठल्या जागी काय चालेल याची नियमावली) यांच्याशी झटत बसावं लागतं, हे मी बघितलंय.

आता हे आहे काय? १९८६ साली एसजीएमएल नावाचं एक अवजड प्रमाण आलं होतं. त्याची चरबी उतरवून डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेनं १० फेब्रुवारी १९९८ ला एक्सएमएल प्रसिद्ध केलं. मजकुराच्या आधी आणि नंतर खूण लावायची, म्हणजे हा मजकूर कशाचा आहे ते यंत्राला कळतं. खुणांची नावं आपण ठेवायची, आणि ती मराठीतसुद्धा ठेवता येतात. आयटीतल्या बऱ्याच लोकांना हे सांगितलं की खोटं वाटतं. तुमच्या दुकानातला सौदा असा लिहिता येईल:

<सौदा क्रमांक="१०४">
  <तारीख>२०२५-०३-०४</तारीख>
  <माल>
    <जात>राजापुरी</जात>
    <वजन एकक="क्विंटल">१२.५०</वजन>
  </माल>
</सौदा>

(आकडे इथे मराठीत छापलेत. खऱ्या फाइलीत इंग्रजी आकडेच घाला. खुणा मराठी चालतात, पण स्कीमात एखादी जागा संख्येची किंवा तारखेची म्हणून ठरवली असेल तर तिथे मराठी आकडे नापास होतात.)

नियम मोजके. उघडणारी आणि बंद करणारी खूण मिळून एक डबा समजा. बाहेरचा डबा एकच. उघडलेली प्रत्येक खूण बंद करायची, आणि आतला डबा बंद झाल्याशिवाय बाहेरच्याला झाकण लावायचं नाही. इंग्रजी नावं असतील तर लहान-मोठ्या लिपीचा फरक पाळायचा. आणि मजकुरात & हे चिन्ह उघडं ठेवायचं नाही. हा शेवटचा नियम आपल्याकडे फार छळतो, कारण निम्म्या पेढ्यांच्या नावात 'पाटील & सन्स' नाहीतर 'शहा & कंपनी' असतं. त्या चिन्हाच्या जागी तेच चिन्ह, पुढे इंग्रजीत ए-एम-पी आणि अर्धविराम असं लिहावं लागतं. माझी पहिली फाइल सलग दोन दिवस परत येत होती ती याच एका चिन्हापायी. मी मात्र सगळ्या तारखा तपासत बसले होते.

एवढं शिकायला आठवडा पुरे. बाकी सगळा वेळ जातो तो शब्दांचा अर्थ ठरवण्यात. वरच्या उदाहरणात 'वजन' आहे ना? ते बारदानासकट की बारदान वजा करून? तुमच्या सौद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काट्यावरचं वजन असेल आणि टॅलीतलं बिल निव्वळ वजनावर होत असेल, तर फाइल सगळ्या परीक्षांत पास होईल, कुठेही लाल अक्षर दिसणार नाही, आणि हिशेब मात्र दर पोत्यामागे थोडा थोडा चुकत जाईल. आमच्याकडे भोसरीला 'नग ५०' असं जायचं. आम्ही म्हणत होतो ५० खोकी, दर खोक्यात १०० बोल्ट. ग्राहकाच्या यंत्रानं घेतलं ५० बोल्ट. त्यांच्या गोदामात ढीग पडलेला, पडद्यावर मात्र टंचाई, आणि खरेदी खात्याचे आम्हाला तातडीचे फोन. चार दिवस दोन्हीकडची हुशार माणसं एक्सएमएलमध्ये चूक शोधत होती. एक्सएमएल बिनचूक होतं.

म्हणून तुम्ही आधी एक वही करा. डाव्या पानावर सौद्याच्या सॉफ्टवेअरमधली नावं, उजव्या पानावर टॅलीतली. हमाली, तोलाई, अडत, सेस ही टॅलीत वेगवेगळी खाती असतील, पण सौद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कदाचित सगळं मिळून एकच 'खर्च' असेल. तो फोडायचा कसा, हे सॉफ्टवेअरवाल्याला माहीत नाही. मालकांना माहीत आहे, पण त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. तुम्हाला दोन्ही बाजू रोज दिसतात. 'कुणाला तरी कळलं पाहिजे' असं सॉफ्टवेअरवाला म्हणाला, त्याचा खरा अर्थ हा आहे.

वहीनंतर प्रयोग. टॅलीत डे बुक उघडून एक विक्रीची नोंद एक्सएमएलमध्ये एक्सपोर्ट करा आणि वाचा. दोन गोष्टी खटकतील. तारीख सलग आठ आकड्यांत येते: वर्ष, महिना, दिवस. आणि नावे रक्कम वजा चिन्हानं येते, जमा रक्कम बिनचिन्हाची. आपण वाणिज्यवाले हे बघून दचकतो, पण टॅलीचा तो रिवाजच आहे. मग सेटिंगमध्ये टॅलीला सर्व्हर म्हणून चालू करा. सहसा ९००० क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे निरोप आत यायचं दार, असतं. पोस्टमन नावाचं फुकटचं साधन घ्या आणि तीच नोंद फक्त क्रमांक बदलून त्या पोर्टवर पाठवा. उत्तरात किती नोंदी तयार झाल्या, किती बदलल्या, किती चुकल्या ते एक्सएमएलमध्येच येतं. पक्षकाराचं खातं टॅलीत नसेल तर तसं स्पष्ट लिहून येतं. हे काटेकोर अर्थानं 'सोप' (वेब सर्व्हिसचा ठरलेला लिफाफा, तो पुढे शिरोलीच्या उत्तरात येईल) नव्हे, पण वेब सर्व्हिस म्हणजे काय ते हाताला कळतं: एका यंत्रानं विचारलं, दुसऱ्यानं उत्तर दिलं, मधे माणूस नाही.

दुकानाच्या खऱ्या कंपनीवर, म्हणजे टॅलीतल्या चालू हिशेबावर, हे करू नका. टॅली घरच्या संगणकावर शैक्षणिक मोडमध्ये चालवा, पैसे पडत नाहीत. फक्त त्यात महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा चालतात. ५ तारखेची नोंद पाठवून ती परत आली म्हणून मला लिहू नका. गेल्या वर्षी तिघांनी लिहिलं होतं.

प्रश्न : मॅडम, नाशिकमधल्या एका क्लासमध्ये 'एक्सएमएल व वेब सर्व्हिसेस' असा तीन महिन्यांचा कोर्स आहे. फी ४५,००० रुपये. अभ्यासक्रमाचं पत्रक सोबत जोडलंय. घ्यावा का?
एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : पत्रक पाहिलं. त्यात यूडीडीआयला चार दिवस दिलेत. यूडीडीआय म्हणजे वेब सर्व्हिसची जगभराची जणू टेलिफोन डिरेक्टरी व्हायची होती. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी आपल्या सार्वजनिक नोंदवह्या जानेवारी २००६ मध्ये बंद केल्या. ज्यांनी त्यानंतर पत्रक बदललेलं नाही त्यांना ४५,००० देऊ नका. पलीकडून चूक झाल्याचं उत्तर आलं तर ते कसं वाचायचं, या विषयाला पत्रकात अर्धा तासही नाही. पुढचं उत्तर वाचा, त्यात त्यातलं बरंचसं आलंय.

प्रश्न : मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री चालवतो. पुण्याकडच्या एका मोठ्या ग्राहकानं सक्ती केली आहे, की गाडी निघण्याआधी एएसएन, म्हणजे मालाची आगाऊ सूचना, वेब सर्व्हिसनं पाठवायची. त्यांनी डब्ल्यूएसडीएल नावाची फाइल पाठवली. आमच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलानं काम केलं, पण दिवसाआड '५०० एरर' येते. तो म्हणतो त्यांचा सर्व्हर बंद पडतो. ते म्हणतात आमचा सर्व्हर ठणठणीत आहे. शिवाय कधी एकच चलन दोनदा जातं आणि गाडी गेटवर अडकते. ड्रायव्हर माझ्या नावानं खडे फोडतो. मी संगणकाचा माणूस नाही. निदान भांडायचं कुणाशी ते सांगा.
एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : तहसील कचेरी डोळ्यांपुढे आणा. खिडकी क्रमांक तीनवर फलक आहे: इथे अमुक अर्ज घेतले जातात, अर्जात हे हे रकाने भरलेले हवेत, पोचपावती अशी मिळेल. तुम्हाला आलेली डब्ल्यूएसडीएल म्हणजे तो फलक. फरक एवढाच, की तो यंत्रानं वाचायचा आहे. अर्ज ज्या लिफाफ्यात घालून द्यायचा तो लिफाफा म्हणजे सोप. त्यात वर हेडर, म्हणजे कोण पाठवतंय, सहीशिक्का वगैरे. खाली बॉडी, म्हणजे खरा अर्ज. लिफाफे दोन प्रकारचे आहेत. सोप १.१ हा २००० सालचा, सोप १.२ हा २००३ चा, आणि एकाच्या खिडकीवर दुसरा चालत नाही. तुमच्या मुलाला पहिला प्रश्न हा विचारा: फलकावर कुठला लिफाफा लिहिलाय आणि आपण कुठला पाठवतोय? पण दिवसाआड का होईना, चलनं जातात म्हणता, म्हणजे लिफाफा बरोबर असावा. दुखणं आतल्या मजकुरात असणार.

आता '५००'. वेबच्या साध्या नियमानं ५०० म्हणजे पलीकडे काहीतरी बिघडलं, म्हणून तुमचा मुलगा म्हणतो सर्व्हर पडला. पण सोप १.१ च्या नियमात अर्ज नाकारायचा झाला तरी ५०० हाच आकडा पाठवायचा असतो! नाकारण्याचं कारण त्याच उत्तराच्या आत, 'फॉल्ट' नावाच्या खुणेत लिहिलेलं असतं. पुष्कळ प्रोग्रॅम ५०० दिसला की आतलं न वाचताच उत्तर फेकून देतात. म्हणजे कचेरीतून अर्ज परत आला, मागे लाल शाईत 'रकाना सात कोरा' असा शेरा आहे, आणि आपण पालथा करून बघितलाच नाही.

फॉल्टमध्ये एक कोड असतो, तो भांडण कुणाशी करायचं तेच सांगतो. 'सर्व्हर' लिहिलं असेल तर चूक त्यांच्याकडे. 'क्लायंट' लिहिलं असेल तर चूक पाठवणाऱ्याची, म्हणजे तुमची. याच शब्दावरून माझी एकदा फार शोभा झाली होती. २००३ ची गोष्ट. उत्तरात 'क्लायंट' पाहिलं आणि आमच्या साहेबांनी मला विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, क्लायंट म्हणजे ग्राहक. कचेरीत आम्ही ग्राहकाला क्लायंटच म्हणायचो. झालं, साहेबांनी ग्राहकाला खरमरीत मेल लिहिला, की तुमचंच यंत्र म्हणतंय चूक तुमची आहे. पलीकडून एका ओळीचं उत्तर आलं. ते मी इथे छापणार नाही. सोप १.२ मध्ये हे शब्द बदलून 'सेंडर' आणि 'रिसीव्हर' केलेत. माझ्यासारखे आणखी बरेच असावेत.

तेव्हा मुलाला सांगा, प्रत्येक पाठवणीची आणि प्रत्येक उत्तराची जशीच्या तशी प्रत फाइलीत ठेव. सोपयूआय नावाचं साधन फुकट मिळतं. डब्ल्यूएसडीएल त्याला दिली की कोरा नमुना अर्ज ते स्वतः तयार करतं. जे चलन नाकारलं गेलं तेच त्यात हातानं भरून पाठवून बघा. तासाभरात कारण सापडेल. दहातल्या नऊ वेळा ते रिकामा रकाना नाहीतर तारीख असतं.

तारखेवरून आठवलं. तुमच्या गाड्या रात्री निघतात का? पुष्कळ सॉफ्टवेअर वेळ जागतिक प्रमाणवेळेत पाठवतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात निघालेल्या गाडीच्या सूचनेवर आदल्या दिवसाची तारीख पडते, बिलावर मात्र आजची. दोन्ही जुळले नाहीत की अर्ज नामंजूर. दिवसाआड येणारी एरर रात्रपाळीच्या गाड्यांचीच आहे का, तेवढं रजिस्टर काढून बघा. तसं असेल तर वेळेच्या शेवटी साडेपाच तासांचा फरक लिहून पाठवायची सोय आहे, दहा मिनिटांचं काम. एक एप्रिलच्या रात्री दोन वाजता गाडी निघाली तर हाच घोळ आर्थिक वर्ष बदलतो.

आता दोनदा जाणारं चलन. हे कसं घडतं ते बघा. तुमचं यंत्र सूचना पाठवतं आणि समजा ३० सेकंद वाट बघतं. त्यांचं यंत्र त्या दिवशी गर्दीमुळे ४० सेकंद घेतं. त्यांच्याकडे नोंद झाली, पण पोचपावती यायच्या आत तुमच्या यंत्रानं धीर सोडला आणि पुन्हा पाठवलं. आता त्यांच्याकडे दोन. आमच्याकडे २००७ मध्ये असंच एक चलन तीनदा गेलं. गेटवरच्या पहारेकऱ्याच्या पडद्यावर तीन गाड्या, समोर उभी एक. तो म्हणाला, उरलेल्या दोन आल्याशिवाय ही आत सोडणार नाही. माणूस कामाचा पक्का होता.

यावरचा उपाय इंग्रज आपल्या कचेऱ्यांत कधीच ठेवून गेलेत: आवक-जावक रजिस्टर. प्रत्येक सूचनेला तुमच्याकडचा जावक क्रमांक द्या. तीच सूचना पुन्हा पाठवायची झाली तर क्रमांकही तोच ठेवा, नवा पाडू नका. तुमचा मुलगा बहुधा दर प्रयत्नाला नवा क्रमांक पाडत असेल, तिथेच गफलत आहे. त्यांच्या यंत्रानं आवक बघावी. हा क्रमांक आधी आलाय? मग नवी नोंद नको, जुनीच पोचपावती पुन्हा द्या. ते हे करतात का, असं त्यांना लेखी विचारा. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस पोर्टल अगदी हेच करतं. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक यांवरून ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा ओळख क्रमांक, बनतो. तेच बिल पुन्हा पाठवलं तर आयआरएन तोच येणार, म्हणून पोर्टल 'दुबार' म्हणून परत करतं. तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्हीही या रांगेत आहात, म्हणजे मुलानं हे एकदा बघितलेलं असणार.

तर भांडायचं कुणाशी? आत्ता कुणाशीच नाही. आधी फॉल्टच्या प्रती जमवा. मुलगा चांगला आहे, त्याला फक्त मागचं पान वाचायची सवय नाही. ड्रायव्हरला मात्र छापलेली पोचपावती हातात द्या. पडद्यापेक्षा कागदावर गेट लवकर उघडतं, हा माझा २० वर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न : ताई, मी संगमनेर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा सचिव. सभासदांची यादी आम्ही मराठीत ठेवतो. वरच्या संघाला ती दर पंधरवड्याला एक्सएमएलमध्ये द्यावी लागते. तिकडे काही नावांची नुसती प्रश्नचिन्हं होतात, काही नावं अर्धवट तुटतात, काही इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसतात, आणि नऊ-दहा जणांचं नाव बरोबर दिसूनही 'सभासद सापडला नाही' असं येतं. लोकांचे पैसे अडकतात. इंग्रजीत नावं लिहा असा तिकडचा सल्ला आहे. तो मानू का?
एक सचिव, संगमनेर तालुका

उत्तर : मानू नका. एक्सएमएल पहिल्या दिवसापासून युनिकोडवर, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीवर, उभं आहे, त्याला मराठीचं वावडं नाही. तुमच्याकडे एक नाही, चार वेगवेगळे आजार आहेत. सगळ्यांना एकच औषध दिलं तर एकही बरा होणार नाही.

प्रश्नचिन्हं: फाइल कुठेतरी यूटीएफ-८ (युनिकोड फाइलीत साठवायची नेहमीची पद्धत) सोडून दुसऱ्या पद्धतीनं सेव्ह झाली. हा वाईट प्रकार, कारण अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलंय आणि मूळ अक्षर त्या फाइलीतून गेलं. मूळ यादीवरून फाइल पुन्हा काढावी लागेल, आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडावं लागेल. फाइलीच्या पहिल्या ओळीत नुसतं यूटीएफ-८ लिहून भागत नाही. ती ओळ म्हणजे पाटी. डब्यात काय भरलंय ते वेगळं असू शकतं.

गिचमीड: हिच्यात दोन जाती आहेत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे, वाचणाऱ्यानं चुकीचा चष्मा लावलाय. तिकडच्या माणसाला यूटीएफ-८ म्हणून वाचायला सांगा, नावं जागच्या जागी उभी राहतील. पण तसं काही नसून इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं यांची खिचडी असेल, तर ती यादी जुन्या काळात श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप झालेली आहे. त्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, वर मराठी मुखवटा असतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. कन्व्हर्टरनं एकदाच सगळी यादी युनिकोडमध्ये आणा, आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर रफारावर हमखास घसरतात.

तुटलेली नावं: यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट (साठवणीचं माप) लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण म्हणजे हलन्त, सगळी वेगळी मोजली जातात. 'ज्ञानेश्वर' घ्या: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हं, ३० बाइट. संघाच्या संगणकात नावाचा रकाना ३० बाइटांचा ठेवला असेल तर ज्ञानेश्वरांना आडनावच उरत नाही. हे दुरुस्त त्यांनीच करायचंय, तुम्ही फक्त हे गणित लिहून पाठवा. मी एकदा पाठवलं होतं. आठ दिवसांत रकाना वाढला. त्याआधी वर्षभर 'मराठीत प्रॉब्लेम येतो' एवढंच उत्तर मिळत होतं.

आता ते नऊ-दहा जण. पैजेवर सांगते, यांतले निम्मे तरी बोऱ्हाडे, कुऱ्हाडे, गोऱ्हे असतील. यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तुमच्या संस्थेत एका पद्धतीनं टाइप झालंय, संघात दुसऱ्या. युनिकोडचं नेहमीचं सारखं करण्याचं साधन इथे चालत नाही. एक रूप ठरवून दुसरं आपणच बदलून घ्यावं लागतं. सभासदांत एखादे वकील असतील तर 'ॲड.' मध्येही हाच खेळ आहे: एकसंध ॲ वेगळा, आणि अ वर चंद्र ठेवलेला वेगळा.

पण त्याआधी संघाला एक विचारा. तुम्ही सभासद नावावरून शोधताच कशाला? प्रत्येकाला सभासद क्रमांक आहे. खूण क्रमांकाची ठेवा, त्यावरून शोधा, आणि नाव फक्त वाचायला असू द्या. गावात एकाच नावाचे तीन-तीन जण असतात, हे मी संगमनेरकरांना काय सांगू? फाइलीत क्रमांकाचा रकाना आधीच आहे, तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात मला तो दिसला. रिकामा होता. या पंधरवड्याच्या यादीत तेवढा भरा, आणि काय उत्तर येतं ते मला कळवा.